जखम अंगावर, नोंद कोठे?

शेतकऱ्याच्या घरी ज्या कागदांस पेटीत जागा मिळते ते कागद फार नसतात. जमिनीचा सातबारा, सोसायटीचे पासबुक, पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले, आणि घरातला कोणी पलटणीत होता तर त्याचे डिस्चार्ज बुक. सातबारावर चूक निघाली तर सारे घर खडबडून जागे होते. बांधावरचे आंब्याचे झाड शेजाऱ्याच्या नावे लागले तर त्यासाठी तालुक्याच्या दहा खेपा होतात. पण डिस्चार्ज बुकात काय लिहिले आहे हे कोणी वाचून पाहत नाही. ते इंग्रजीत असते, साहेबाची सही असलेले असते, म्हणून ते खरेच असणार अशी आपली समजूत. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू पडते आणि ते पुन्हा फडक्यात बांधले जाते. आज आम्ही आमच्या वाचकांशी या कागदाविषयी बोलणार आहो.

गेल्या पावसाळ्यात डिंगोऱ्याच्या शिवेलगतच्या एका वाडीतले एक वृद्ध शिपाई काठी टेकीत आमच्याकडे आले. नाव छापण्यास त्यांची मर्जी नाही, म्हणून आम्ही त्यांस आबा म्हणतो. १९७१ च्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या डाव्या मांडीत शिरला. इस्पितळात कित्येक आठवडे काढून ते पुन्हा कामावर गेले, उरलेली नोकरी पुरी केली आणि साधी पेन्शन घेऊन घरी आले. नातवाने त्यांचे कागद कसल्याशा कामासाठी काढले तेव्हा आम्ही ते प्रथम वाचले. इस्पितळातले दिवस लिहिलेले आहेत. मांडीला दुखापत झाली हेही लिहिले आहे. पण ती शत्रूच्या माऱ्याने झाली, हे कोठेही नाही. लढाईत जखमी झालेल्या शिपायास जे पदक मिळते ते आबांस कधी मिळाले नाही, याचे कारण ही एक न लिहिलेली ओळ. मागे त्यांनी एकदा कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता. लढाईतील जखमेची नोंद आढळत नाही, एवढेच उत्तर आले. आबा आम्हांस म्हणाले, "गुरुजी, पैशाचं राहू द्या. कागद म्हणतो मी असाच कुठंतरी पडलो असंल. मग ह्या मांडीला काय कुत्रं चावलं, एवढं सरकारला विचारून द्या."

हा प्रश्न एकट्या आबांचा नाही. म्हणून हे काम कसे चालते ते नीट समजून घेतले पाहिजे.

लढाईत शत्रूच्या हातून जखम झालेल्या सैनिकास आपले सरकार एक पदक देते. त्याचे नाव पराक्रम पदक; पूर्वी त्यासच जखमेचे पदक म्हणत. त्याची फीत पांढरी असून मध्ये तांबडा पट्टा आहे. हे पदक मिळण्यास जखम झालेली असून भागत नाही. ती लढाईतील जखम म्हणून लिहिली गेली पाहिजे. जखमी शिपाई मागे इस्पितळात जातो आणि त्याची पलटण वर कळविते. पलटणीतला कारकून हुकूम काढतो. त्यास फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात. त्या हुकुमावरून रेकॉर्ड ऑफिसात शिपायाच्या नावे नोंद होते. मराठा पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावास, तोफखान्याचे नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस, महार रेजिमेंटचे सागर येथे. शिपाई एका ठिकाणी पडतो, इस्पितळ दुसऱ्या ठिकाणी असते आणि त्याचे नशीब तिसऱ्याच गावी फायलीत लिहिले जाते. या वाटेवर एक कागद जरी गहाळ झाला किंवा कारकुनाने घाईत एक शब्द चुकीचा घातला, तरी लढाईतला जखमी अपघातातला जखमी होतो. फौजेच्या भाषेत पहिल्यास बॅटल कॅज्युअल्टी आणि दुसऱ्यास फिजिकल कॅज्युअल्टी म्हणतात. हे दोन शब्द प्रत्येक सैनिकाच्या घरात ठाऊक असले पाहिजेत, कारण पुढचे सारे या दोन शब्दांवर अवलंबून आहे.

कसे ते मुलांना फळ्यावर गणित मांडून दाखवावे तसे दाखवितो. समजा, एका जवानाचा हिशेबात धरावयाचा शेवटचा पगार ३०,००० रुपये आहे आणि त्यास ५० टक्के अपंगत्व ठरले आहे. आजच्या नियमाप्रमाणे साध्या अपंगत्वास पूर्ण १०० टक्क्यांवर पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे ५० टक्क्यांवर ४,५०० रुपये. लढाईतील जखम असेल आणि तो नोकरी पुरी करून आला असेल, तर हे प्रमाण ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये. जखमेमुळेच त्यास फौजेतून काढावे लागले असेल तर १०० टक्के, म्हणजे १५,००० रुपये. सेवेची पेन्शन या सर्वांहून निराळी. तीच मांडी, तीच काठी, तेच अपंगत्व. फरक फक्त कागदावरच्या एका शब्दाचा. कोणी म्हणेल की मास्तरांनी मानाची गोष्ट पैशावर आणली. पैसाही लहान गोष्ट नव्हे. पण आमचे म्हणणे असे की मान आणि पैसा यांचा उगम एकाच नोंदीत आहे. नोंद दुरुस्त झाली की दोन्हींची वाट मोकळी होते.

ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती आपले बरेवाईट, हे कुळकर्ण्याच्या दप्तरापासून आपल्या वाडवडिलांनी पुरते भोगले आहे. फौजेच्या दप्तराचाही इतिहास काही निराळा नाही. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील कित्येक गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, पैकी इतके कामास आले, एवढेच त्यांवर लिहिलेले. आकडा आहे, पण नाव नाही. ज्या आईचा मुलगा गेला तिने त्या दगडावर हात कोठे ठेवावा? या गोष्टीचा निवाडा व्हावयास शंभर वर्षे लागली. २०२१ च्या एप्रिल महिन्यात राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने आपल्याच जुन्या कामाची चौकशी प्रसिद्ध केली. हिंदी, आफ्रिकी, मिसरी वगैरे लोकांपैकी ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केले गेले नाही. आणि निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावे कोठे कोरलीच गेली नाहीत, असे आयोगाने कबूल करून क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगलेच झाले, पण ती ऐकावयास त्या आयांपैकी एकही राहिली नव्हती.

परक्यांचे राज्य होते म्हणून असे झाले, असे म्हणून आपणांस सुटता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांस १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत गोळ्या लागल्या आणि त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. इस्पितळात ते पोहावयास लागले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी जगाचा विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. अशा सामन्यांत हिंदुस्थानला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. पुढे त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि हयातभराच्या कामगिरीचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर. त्यांचे प्रकरण डिस्चार्ज बुकाचे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या पराक्रमाला सारे जग साक्षी होते त्याच्या नोंदीस एवढा काळ लागला, तर ज्याची जखम फक्त त्याच्या बायकोने आणि सोबतच्या दोन शिपायांनी पाहिली आहे, त्याने किती वाट पाहावी?

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक व्रण लढाईचा नसतो. फौजेत गाड्या उलटतात, माणसे घसरून पडतात, आणि खोटे दावे करणारेही असतात. तोंडी बोलण्यावर पदके वाटली तर खऱ्या जखमीच्या पदकाची किंमत उरणार नाही. म्हणून रेकॉर्ड ऑफिसाने पुरावा मागितला यात आम्हांस दोष दिसत नाही. दोष आहे तो पुरावा कोणाकडे मागावा यात. पार्ट टू ऑर्डर सरकारपाशी, इस्पितळाचे कागद सरकारपाशी, पलटणीची लढाईची रोजनिशी सरकारपाशी. आणि पुरावा आणावयाचा मात्र डिंगोऱ्याच्या म्हाताऱ्याने! ज्याच्या घरी दप्तर, त्यानेच दप्तर उघडले पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात असेच तत्त्व सांगितले. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर काही दुखणे लिहिलेले नाही तो निरोगी होता असे धरावे, पुढचे दुखणे नोकरीमुळे आले नाही हे दाखविण्याचा भार सरकारवर राहील आणि शंकेचा फायदा शिपायास मिळेल. तो खटला फेफऱ्याचा होता, जखमेचा नव्हे. पण न्यायाचे तत्त्व रोगापुरते एक आणि जखमेपुरते दुसरे असू नये.

आता घरोघरी काय करावयाचे ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आजच डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम काढून कोणा जाणत्याकडून ओळन् ओळ वाचून घ्यावी. नाव, गाव, जन्मतारीख, बायकोचे नाव, जखमा, पदके, यांत चूक दिसली तर लगेच रेकॉर्ड ऑफिसास स्पीड पोस्टाने अर्ज करावा आणि पावती जपून ठेवावी. अर्जात पलटण, नंबर, लढाईचे ठिकाण, इस्पितळाचे नाव आणि दाखल झाल्याचा दिवस लिहावा. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. १० रुपये फी भरून आपल्या जखमेचे कागद आणि पार्ट टू ऑर्डर यांच्या नकला मागाव्या, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. सोबतचे जे शिपाई हयात असतील त्यांची प्रतिज्ञापत्रे आताच करून घ्यावी. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. एवढ्यानेही काम न झाले तर सैन्यदलांचे न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले व त्याचे एक पीठ मुंबईस आहे. शिपाई वारला असेल तर त्याच्या विधवेस आणि वारसांसही तेथे दाद मागता येते.

आणि हे सर्व लवकर करावे. तरसेम सिंग यांच्या खटल्यात २००८ साली सुप्रीम कोर्टाने अपंगत्वाच्या पेन्शनचा हक्क उशीर झाला म्हणून बुडविला नाही, पण मागची बाकी मात्र दावा करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे जो पंधरा वर्षे गप्प बसला त्याची बारा वर्षे गेली. शिवाय ज्यास पेन्शन नाही अशा शिपायाचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा फौजेचा नियम आहे. कागद जळाल्यावर न्याय कशाच्या आधारे मागावयाचा?

सरकारकडे आमचे मागणे फार नाही. शिपाई घरी निघताना त्याचे सारे रेकॉर्ड त्यास समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे आणि मगच त्याची सही घ्यावी. कागद नष्ट करण्यापूर्वी त्याच्या घरी एक पत्र पाठवावे. आणि जखमी माणूस नोंद मागावयास आला तर त्यास पुरावा आणण्यास परत न पाठविता आपले कपाट आधी उघडावे.

आमच्या शिक्षकबंधूंसही एक विनंती आहे. आपल्या गावात किती माजी सैनिक व किती सैनिकांच्या विधवा आहेत याची यादी करा, आणि एका रविवारी शाळेत बसून त्यांचे कागद वाचून द्या. आपल्यापैकी पुष्कळांस दोन अक्षरे आली ती याच घरांनी शेतात राबून भरलेल्या सरकारसाऱ्यावर आली. त्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग आम्हांस दुसरा दिसत नाही.

आबांचा अर्ज आम्ही लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, तिसऱ्यांदा मांडीवर हात ठेवून ऐकला आणि मग सही केली. ओतूरच्या पोस्टातून तो गेला असून पावती त्याच जुन्या फडक्यात बांधून ठेवली आहे. उत्तर काय येते ते आम्ही वाचकांस कळवूच. परंतु तोवर वाचकांनी आपल्या घरची फडकी सोडून पाहावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.