चटई क्षेत्र

दिवाळीची झाडलोट निघाली की आपले घर किती लहान आहे, याचा दरवर्षी नव्याने साक्षात्कार होतो. आमचे डोंबिवलीचे घर 420 चौरस फुटांचे. वडिलांनी ते 1978 साली घेतले, तेव्हा चाळीतून आलेल्या आईला ते ऐसपैस वाटले होते. आता कपाटामागचे जाळे काढायचे तर पलंग हलवावा लागतो, पलंग हलवायचा तर आईला गॅलरीत बसवावे लागते, आणि आई गॅलरीत बसली की फराळाचे डबे ठेवायला जागा उरत नाही. या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आमचे हे बिऱ्हाड ठाऊकच आहे. तेव्हा अधिक सांगत नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला मेहुणा नाशिकहून आला तो ओवाळणीच्या पाकिटाबरोबर एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊनच. पाथर्डी फाट्याच्या पलीकडे नवी वसाहत, तिच्यात रो-हाउस. खाली दिवाणखाना नि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, पुढे मोटार उभी राहील एवढे अंगण आणि अंगणात तुळस. तुळस अर्थात चित्रातली.

"भाऊजी, 1,600 फूट! किंमत 80 लाख. तुमच्या या काड्यापेटीचे 45 तरी येतील. समृद्धी महामार्ग आता आमण्यापर्यंत पुरा झालाय, 2027 साली सिंहस्थ आहे. भाव वाढायला वेळ लागणार नाही. विचार कसला करताय?"

सौ. काहीच बोलली नाही. मात्र ते माहितीपत्रक रद्दीत गेले नाही, तिच्या पर्समध्ये गेले. लग्न होऊन अठरा वर्षे झालेल्या नवऱ्याला एवढी खूण पुरते.

मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कागदावर आधी शब्द दिसतात, आकडे मागाहून. इंग्रजीत ज्याला 'कार्पेट एरिया' म्हणतात, त्याला आपल्याकडे सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र' म्हणतात. गालिचा अंथरणाऱ्यांचा शब्द चटईवर निजणाऱ्यांच्या भाषेत आणणारा तो अनाम भाषांतरकार मोठा रसिक असला पाहिजे. आमच्या घराचे चटई क्षेत्र तर मी डोळे मिटून सांगतो : चार चटया. पाचवा माणूस मुक्कामाला आला की मी स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय सारून झोपतो.

आता त्या 1,600 चे काय ते पाहू. 2017 पासून महाराष्ट्रात महारेरा आहे. तिथे नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती घरबसल्या पाहता येते. कायद्याच्या हिशेबाने चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, गॅलरी, गच्ची त्यात धरत नाहीत. आतल्या आडभिंती धरतात. मी शोधून पाहिले, तर माहितीपत्रकातले 1,600 फूट तिथे 1,090 भरले. मला विजयाचा आनंद झाला. सौ. शांतपणे म्हणाली, "म्हणजे आपल्या अडीचपट."

मग मी वहीत हिशेब मांडला. 35 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 15 वर्षे मुदत. हप्ता महिना सुमारे साडेचौतीस हजार. मी आहे 45 वर्षांचा. म्हणजे कर्ज फिटेल त्याच सुमारास नोकरी संपेल. त्यातून मी नोकरीला लागलो 2007 साली, आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही. शिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळण्यापूर्वी घर घेतले तर जीएसटी 5 टक्के, म्हणजे आणखी 4 लाख. दाखल्यानंतर घेतले तर नाही. "दाखला केव्हा मिळेल?" असे विचारले, तर विक्रीवाले गृहस्थ म्हणाले, "आलाच समजा!" ही क्रियापदाची कोणती वेळ, हे मी अजून वर्गात शिकवलेले नाही.

तरीही डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सगळे घाट चढून घर पाहायला गेलो. सौ.ची बँकेतली नोकरी. तिला नाशिकची बदली मिळण्यासारखी होती. मुलगी दहावीला, जूनमध्ये तिचे कॉलेज बदलणारच होते. राहता राहिलो मी आणि आई.

घर सुरेख होते. तेव्हा मी दोष शोधू लागलो. नळाला पालिकेचे पाणी की बोअर? तूर्त बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. किराणा दुकान? दीड किलोमीटर. डॉक्टर? फाट्यावर. शेजार? ओळीतल्या बारा घरांपैकी नऊंना कुलपे. भाव वाढण्याची वाट पाहत ती घरे घेऊन ठेवलेली. दुपारी अकराला त्या रस्त्यावर एक कुत्रे तेवढे होते, तेही वाट चुकल्यासारखे.

एवढ्यात आई दिसेना. ती 74 वर्षांची. कठड्याला धरून एक-एक पायरी चढत ती वर गेली होती. कोपऱ्यातल्या खोलीचे दार बंद होते. मी हाक मारली, ओ नाही. दार ढकलले, तर आतून कडी. माझ्या पोटात धस्स झाले. चार-पाच मिनिटांनी कडी निघाली, आणि आई पदर सारखा करीत बाहेर आली. "काही नाही रे. कडी नीट लागते का, ते बघत होते."

परतीच्या गाडीत मी बोलत सुटलो. आईचे या वयात कसे व्हायचे? जिना, टँकर, ओळखीचे माणूस नाही. इथे तिचे भजनी मंडळ आहे, खाली डॉक्टर आहेत, दिवाळीच्या पहाटे फडके रोड आहे. सौ. खिडकीबाहेर पाहत होती. कसारा मागे पडल्यावर आई म्हणाली,

"जिना मला झेपायचा नाही, हे खरं. पण तू माझ्या नावावर तुझी भीती खपवू नकोस. पन्नास वर्षं झाली लग्न होऊन, दार लावून बसायला मला खोली नव्हती. लुगडं नेसायचं ते स्वयंपाकघरात, सगळ्यांना बाहेर काढून. तुझे वडील गेले त्या रात्री घर माणसांनी भरलेलं. रडायचं होतं, म्हणून मोरीत जाऊन नळ सोडला. तुला वाटलं, भांडी घासतेय."

मला तसेच वाटले होते. मला ते आठवतही होते.

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली. 'आईची अडचण' या सदराखाली मी सात कलमे लिहिली होती. त्यांतली जिना आणि पाणी ही दोन तिची होती. उरलेली पाच माझी. फडके रोड माझा, वाचनालय माझे, कट्टा माझा. शिवाय एक कलम मी लिहिलेच नव्हते. मोठे घर म्हणजे एक हजार फूट, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. आईला पाहिजे होते शंभर फूट, आणि एक कडी.

त्या हिशेबाने मग शोध सुरू झाला. रो-हाउस आम्ही घेतले नाही. डोंबिवलीचे घर विकलेही नाही. जूनपासून नाशिकला इंदिरानगरात तळमजल्यावर तीन खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने घेतल्या आहेत. भाडे 16,000, म्हणजे हप्त्याच्या निम्म्याहून कमी. कोपऱ्यावर किराणा, हाकेच्या अंतरावर डॉक्टर, नळाला पालिकेचे पाणी. मी सोमवार ते शुक्रवार डोंबिवलीत एकटा, आणि शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसच्या गर्दीत. चार चटयांच्या जागेत एक चटई अंथरली की ते घर केवढे मोठे दिसते, हे मी कुणाला सांगत नाही. ज्यांना दुसऱ्या गावी मोठे घर घ्यायचे आहे त्यांना मात्र एवढे सांगेन, की आधी वर्षभर त्या गावी भाड्याने राहून पाहा. आणि घर पाहायला जाताना घरातले सर्वांत कमी बोलणारे माणूस बरोबर न्या.

आईच्या खोलीला मी मुद्दाम नवी कडी बसवून घेतली. प्रसंगी बाहेरूनही उघडेल अशी. पहिले पंधरा दिवस तिने दुपारी दार लावून घेतले. पुढच्या शुक्रवारी मी गेलो, तर दार सताड उघडे, आणि आत शेजारच्या तीन बायका वाती वळीत बसलेल्या.

"आई, अगं कडी?"

"आहे की! लावता येते म्हटल्यावर आता रोज कशाला लावायची?"

करार मे महिन्यात संपतो. पुढे काय ठरते, ते येत्या दिवाळीला याच पानावर.