जन्मतारीख आणि लघुग्रह

मंडळी, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. पंडित जसराजांच्या नावाच्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८, त्यांची जन्मतारीख २८-०१-३०. उलट क्रमाने लिहिली की तोच आकडा! म्हणे नियतीचा संकेत.

संकेत कसला? मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या कॅटलिना सर्वेक्षणात सापडला. कक्षा पक्की ठरली की लघुग्रहाला ओळीने पुढचा क्रमांक मिळतो, दवाखान्यातल्या टोकनासारखा. नाव मागाहून, २०१९ साली, आंतरराष्ट्रीय खगोल संघाने दिले. आज हे क्रमांक आठ लाखांच्या पुढे गेलेत. म्हणजे १९०० ते १९७९ मध्ये जन्मलेल्या कुणीही आपली तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी, त्या क्रमांकाचा लघुग्रह आहेच! माझा आहे, औरंगपुऱ्यातल्या आमच्या म्हाताऱ्या दूधवाल्याचाही आहे. मी जन्मभर मराठी शिकवले, पण एवढा हिशेब मलाही येतो.

कुणी म्हणेल, बाई, श्रद्धेने काय बिघडते? बिघडते. मोझार्ट, बीथोव्हेन यांच्या नावाचेही लघुग्रह आहेत. त्या पंगतीत आपल्या गवयाला माणसांनी बसवले, आणि ते त्यांच्या हयातभराच्या रियाजामुळे. सगळे नियतीच्या खात्यावर टाकले की रियाजाला किंमत काय उरली? नातवंडे हेच वाचतात हो.

असो. तो मेसेज पुढे ढकलण्याआधी स्वतःची तारीख एकदा मांडून बघा. आणि पाठवायचेच असेल तर पंडितजींचे गाणे पाठवा.