महानगराची वाहतूक आणि जमिनीची अनर्जित मूल्यवाढ

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने ओसंडणाऱ्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे प्राण गेले. मागोमाग स्वयंचलित दारांची घोषणा झाली. त्या लोहमार्गाचा इतिहास मात्र फारसा कोणी काढला नाही. ठाणे ते दिवा हे अंतर जेमतेम नऊ किलोमीटरचे. तेथील पाचव्या व सहाव्या मार्गिकेला २००८ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्या वापरात आल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. खर्च सुमारे ६२० कोटी रुपये. याच महानगरात ३३.५ किलोमीटरची कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी मेट्रो सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्चून ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण सुरू झाली. ही मेट्रो नको होती असे आमचे म्हणणे नाही. गिरगावच्या आणि वरळीच्या माणसालाही रेल्वे हवीच. परंतु दररोज सुमारे ७० लाख प्रवासी वाहणाऱ्या लोकलच्या वाट्याला विलंब आणि फायद्याच्या भूखंडांजवळून जाणाऱ्या मार्गांच्या वाट्याला निधी, हा अग्रक्रम कोणी व कोणासाठी ठरविला?

रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकलेल्या कोणालाही याचे उत्तर कठीण वाटू नये. सार्वजनिक पैशाने रेल्वे आली की स्थानकाभोवतालच्या जमिनीची किंमत चढते. या वाढीत जमीनमालकाचे श्रम नसतात. ती समाजाची निर्मिती असते. तरीही ती जाते बिल्डरच्या तिजोरीत. शासन १ एप्रिल २०२२ पासून मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार घेते, पण तो घेते घर विकत घेणाराकडून. एका खोलीच्या सदनिकेलाही तोच दर आणि मनोऱ्यातील आलिशान घरालाही तोच! वर्षानुवर्षे जमीन दाबून बसलेल्याला त्याची झळही लागत नाही.

ही मूल्यवाढ समाजाकडे वळविता येते, याचा दाखला दूर शोधण्याचे कारण नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने मानखुर्द-वाशी लोहमार्गाचा ६७ टक्के भार उचलला, तो मुख्यतः भूखंडविक्रीच्या उत्पन्नातून. तथापि या यशाच्या दोन बाजू विसरता येणार नाहीत. पहिली, वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये. तोवर मंत्रालय पलीकडे गेले नव्हतेच, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्या उभ्या राहिल्या. दुसरी अधिक गंभीर. ज्यांच्या शेतांतून ही किंमत उपजली, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना न्याय्य मोबदल्यासाठी लढावे लागले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती या रक्तानंतर. मूल्यवाढीचा पहिला हक्क मूळ कसणाऱ्याचा व त्यानंतरचा प्रवाशाचा, असाच क्रम समाजवादी नियोजनात असला पाहिजे.

बसचे तर कोणाला नावही घ्यावेसे वाटत नाही. बसच्या उद्घाटनाला फीत मोठी लागत नाही, हे कारण असावे! ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या मालकीची झालेली बेस्ट एकेकाळी स्वतःच्या चार हजारांहून अधिक गाड्या चालवीत असे. आज बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. चालकाला ना कायमपणा, ना पुरेसे वेतन. ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंत माणूस बसनेच जाणार असेल, तर बस मोडून मेट्रो भरणार कशी?

आणि हे सारे ठरवितो कोण? राज्यघटनेच्या २४३ झेडई या अनुच्छेदानुसार महानगर नियोजन समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका व पंचायतींच्या निर्वाचित प्रतिनिधींनी आपल्यातून निवडावयाचे आहेत. व्यवहारात नकाशे आखले जातात राज्य शासनाच्या अखत्यारीतील प्राधिकरणात. विरार, बदलापूर, पनवेलच्या नगरसेवकाला मार्ग कळतो तो खांब उभे राहू लागल्यावर. पक्षाच्या शाखांनी आपापल्या नगरपालिकांत दोन ठराव मांडावेत. या समितीच्या संमतीवाचून कोणत्याही नव्या मार्गाची निविदा निघू नये. आणि स्थानक परिसरातील वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य लोकलच्या मार्गिका व महापालिकांच्या स्वमालकीच्या बस यांसाठी राखून ठेवावे. ठरावाबरोबर आपल्या स्थानकावरील सकाळच्या गर्दीची नोंद प्रवासी संघटनांच्या साहाय्याने करून जोडावी.