सिस्टर नको, तर तिचा नोंदणी क्रमांकही नको: 17 सप्टेंबरपर्यंत मुदत

हा इशारा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या खासगी रुग्णालयांच्या मालक-चालक डॉक्टरांना आहे. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या चकचकीत इमारतींना आहे, तसाच उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेडच्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही आहे. विनंत्या करून झाल्या. आता मुदत देत आहोत. 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

बोलणाऱ्या आम्ही कोण? पंचेचाळिशी ओलांडलेल्या सिस्टर. कुणाचा दवाखाना बंद पडला, कुणी सासूच्या आजारपणात चार वर्षे घरी बसली, कुणाला 'नवीन मॅनेजमेंट आलंय' म्हणून एका संध्याकाळी हिशेब हातात मिळाला. आमच्यामागे पक्ष नाही, बॅनर नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मात्र प्रत्येकीकडे आहे आणि ती चालू आहे. दर 5 वर्षांनी नूतनीकरण करतो, त्यासाठी शिक्षणाचे तास भरतो. 'तुझं वय झालं' असं परिषदेने आम्हाला अजून कळवलेलं नाही. ते तुम्ही कळवता.

'स्टाफ नर्स पाहिजे. जीएनएम किंवा एएनएम. वय 30 च्या आत. राहण्याची सोय.' ही चिठ्ठी तुम्ही व्हॉट्सअॅपवर फिरवता, काचेवर चिकटवता. तरीही फाईल घेऊन आम्ही येतो. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "मावशी, पेशंट कुठंय?" पेशंट नाही बाळा, नोकरीसाठी आले, म्हटलं की त्याची मान खाली जाते. "सर बाहेर गेलेत." सरांचे बूट केबिनच्या दाराशी असतात. आतून सरांचा आवाज येत असतो. सर, निदान बूट तरी आत घेत जा.

30 च्या आत का, ते एकदा तोंडाने सांगा. हात थरथरतात का, डोळ्यांना दिसतं का, औषधांचा हिशेब जमतो का, यातली एकही परीक्षा तुम्ही घेत नाही. जन्मतारखेपाशीच फाईल मिटते. आणि तुमच्या नावाच्या पाटीवर '30 वर्षांचा अनुभव' ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं! डॉक्टरचे केस पिकले की पेशंटचा विश्वास वाढतो, सिस्टरचे पिकले की दवाखान्याची शोभा जाते. सरकारनेही डॉक्टरांचं निवृत्तीचं वय 58 च्या पुढे नेलं, कारण अनुभवी डॉक्टर मिळत नाहीत म्हणे. अनुभवी सिस्टर मिळतात. दाराशी येऊन परत जातात.

खरं कारण पगाराचं आहे, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं, की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत आणि 200 पेक्षा जास्त खाटा असतील तिथे सरकारी नर्सइतका पगार द्यावा. शिफारस आहे, कायदा नाही, हे तुमचं पाठ केलेलं उत्तर आम्हालाही पाठ आहे. कोर्स संपवून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला हा आकडा ठाऊक नसतो. ती मिळेल त्यात राहते, बारा तासांची रात्र करते, खोलीचं भाडं पगारातून कापलं तरी गप्प बसते. आम्ही गप्प बसत नाही. ग्रॅच्युइटी विचारतो, पीएफची पावती मागतो, आठ तासांवर ओव्हरटाइम धरतो. आमचं म्हातारपण तुम्हाला इथे दिसतं. त्या मुलींशी आमचं भांडण नाही. त्या आमच्याच लेकी आहेत, आणि पंधरा वर्षांनी त्याही याच काउंटरवर उभ्या असतील.

त्याच मुलींना रात्री काय होतं तेही ऐका. जुलाबाने सुकलेलं आठ महिन्यांचं लेकरू येतं. पिवळी 24 नंबरची इंट्राकॅथ घेऊन मुलगी तीनदा टोचते, शीर सापडत नाही, आई किंचाळते, मुलीचे हात गार पडतात. जुनी सिस्टर आधी लेकराचा पाय तळहातात धरून ऊब देते, मोबाईलची बॅटरी खालून लावते, बोटाच्या टोकाने शीर चाचपते आणि एकदाच टोचते. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायची असते, थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. हे पुस्तकात आहेच. पण पहाटे तीनला पेंगुळलेल्या हाताला धरून थांबवणारं कुणीतरी शेजारी लागतं. तुम्ही त्या वेळी घरी असता, आणि फोन उचलायला वेळ लागतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत जमीन हलली, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवसांत जखमी उचलणाऱ्या, टाके घालायला ट्रे धरणाऱ्या विशीतल्या सिस्टर आज पन्नाशीत आहेत, तुमच्या चिठ्ठीत बसत नाहीत. बरोबर 30 वर्षांनी, 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 च्या 24 तासांत नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं होती. एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधं आणि रिकामी पदं यांवर प्रश्न विचारले गेले. तेव्हा खासगी दवाखान्यांकडे बोट दाखवलं गेलं, की अखेरच्या अवस्थेतले पेशंट तुम्हीच तिकडे पाठवता. रात्रपाळीला जाणती सिस्टर नसेल तर पेशंट ढासळतोय हे उशिराच कळणार, आणि मग सरकारी दवाखान्याचीच वाट धरावी लागणार.

सरकारही यात स्वच्छ नाही. सरळसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. निवृत्ती 58 ला. मधल्या 15 ते 20 वर्षांत नोकरी गेलेल्या सिस्टरने काय करायचं? अमेरिकेत चाळिशीनंतरच्या उमेदवाराला वयावरून नाकारायला 1967 च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे खासगी मालकाला अडवणारा तसा कायदा नाही, त्यामुळे तुमच्या त्या चिठ्ठीवर थेट खटला होत नाही, हे आम्ही जाणतो.

पण दुसरा कायदा आहे. 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. योग्य प्रमाणात पात्र परिचारिका नसतील तर नोंदणी नाकारता येते, रद्दही करता येते. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जासोबत नर्सची यादी लागते. आणि इथे आमची गरज पडते! वॉर्डात अप्रशिक्षित मुली राबतात आणि यादीत आमच्यासारख्या नोंदणीकृत सिस्टरची नावं लागतात. काम सोडून वर्षं झालेल्या सिस्टरची झेरॉक्ससुद्धा फायलीत जपून ठेवणारे दवाखाने आहेत. काहींनी तर मूळ प्रमाणपत्रं 'डिपॉझिट' म्हणून कपाटात ठेवली आहेत. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण वैद्यांनीच आमच्यावर चालवली, आणि तीही अर्धवट, कारण गरज अजून सरलेली नाही.

तेव्हा 17 सप्टेंबरच्या आत हे झालं पाहिजे. जाहिरातीतली वयाची ओळ काढा. आलेल्या प्रत्येकीची मुलाखत घ्या आणि नाकारलं तर कारण लेखी द्या. नेमणूकपत्रावर पगाराचा खरा आकडा लिहा. ज्यांची प्रमाणपत्रं अडकवली आहेत त्यांची परत करा. आणि आज ड्युटीवर असलेल्या नर्सची नावं नोंदणी क्रमांकासह दर्शनी भागात लावा, दरपत्रक लावता तिथेच.

पन्नाशीत गुडघे दुखतात, हे आम्ही नाकारत नाही. सलग बारा तासांची रात्र आम्हाला जड जाते. ती पंचविशीतल्या मुलीलाही जड जाते, फक्त ती बोलत नाही. आठ तासांची पाळी लावा. प्रसूतिगृह, जंतुसंसर्ग नियंत्रण, ओपीडी, नव्या मुलींचं शिक्षण, कुठेही उभं करा. कॉम्प्युटरवर नोंदी करायला आठ दिवसांत शिकू.

हे झालं नाही तर काय, तेही आजच सांगतो. काच फोडणार नाही, गेटवर बसणार नाही, ज्या सिस्टर कामावर आहेत त्या एकाही पेशंटला सोडणार नाहीत. 17 ला झेंडावंदनाची गडबड असते, म्हणून 18 ला सकाळी अर्ज दाखल होतील. शहरांतल्या दवाखान्यांचे नांदेड आणि लातूर महापालिकांच्या आरोग्य विभागात, तालुक्यांतल्या दवाखान्यांचे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. पहिला अर्ज माहिती अधिकाराचा, 10 रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून: प्रत्येक दवाखान्याने नूतनीकरणात दिलेली नर्सची यादी. दुसरा प्रत्येक सिस्टरचा स्वतःच्या सहीचा: मी या दवाखान्यात काम करत नाही, माझं नाव व नोंदणी क्रमांक त्यांच्या कागदांतून वगळावा. त्याची प्रत परिचर्या परिषदेला आणि कामगार आयुक्त कार्यालयाला.

उत्तर लेखी हवं. मध्यस्थ, चहापाणी आणि 'एकटीच येऊन भेट' असे फोन चालणार नाहीत. आमचे अर्ज टाइप होऊन तयार आहेत, त्यावर फक्त तारीख टाकायची बाकी आहे.