'शक्यच नाही' म्हणे!

२९ ऑक्टोबर २०१९. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाने जाहीर केलं, की आमची कंट्रोल सिस्टिम बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलीच नाही, सबब तिच्यावर सायबर हल्ला शक्य नाही. दुसऱ्याच दिवशी आपल्या अणुशक्तीनगरातल्या एनपीसीआयएलने कबूल केलं, की मालवेअर सापडलंय. आणि सर्ट-इनने ते कळवलं होतं ४ सप्टेंबरला! जवळजवळ दोन महिने सगळे गप्प.

मालवेअर होतं ते ऑफिसकामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या पीसीवर. अणुभट्टीच्या यंत्रणेला धक्का लागला नाही, असं एनपीसीआयएलने सांगितलं. ठीक, मान्य. माझं भांडण 'शक्य नाही' या शब्दांशी आहे. आपल्या धंद्यात कोणी 'माझ्या कोडमध्ये बग शक्यच नाही' म्हणालं, तर टेस्टिंगवाली पोरं हसून हसून मरतील.

'जोडलेलं नाही' याचं कौतुक किती करायचं? २०१० साली उघडकीला आलेला, इराणच्या नतान्झला पोचलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा. अमेरिकेत ओहायोच्या डेव्हिस-बेसी प्रकल्पात जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर वर्म शिरला, तो कंत्राटदाराच्या लाइनवरून, फायरवॉलला चक्क बगल देऊन. सुरक्षेची माहिती दाखवणारा डिस्प्ले पाचेक तास बंद! भट्टी आधीपासूनच बंद होती, म्हणून निभावलं. पॅच तर सहा महिने आधीच आलेला.

पण पुढचं बघा. तिथल्या अणुनियामक आयोगाने त्याच वर्षी हे सगळं उघडपणे लिहून बाकीच्या प्रकल्पांना कळवलं. कुठून शिरला, काय बंद पडलं, सगळं. आपल्याकडे तपास केला अणुऊर्जा खात्याच्याच तज्ज्ञांनी, आणि आपल्या हाती आलं एक त्रोटक निवेदन.

'देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे हो!' अहो, पासवर्ड कोण मागतंय? १९९८ मध्ये पोखरणनंतर महिनाभरात 'मिलवर्म' नावाच्या हॅकर पोरांनी ट्रॉम्बेच्या बीएआरसीतले ईमेल पळवले होते. गुप्तता तेव्हाही होतीच की.

खारदांड्यात बसून मला काय त्याचं? ट्रॉम्बे याच शहरात आहे, आणि तारापूर याच किनाऱ्याने शंभरेक किलोमीटर वर. मागणी एवढीच, की असं काही घडलं तर ठरलेल्या मुदतीत सांगा, खात्याबाहेरच्या माणसाकडून तपास करून घ्या, आणि काय बुजवलं ते लिहून छापा. साध्या बँकेच्या सॉफ्टवेअरला आपण एवढं ऑडिट लावतो. अणुभट्टीला नको?