कार्बाइडवर बंदी, इथिलीनला परवानगी: फरक कशात आहे?

आंबा-केळीचा हंगाम आला की फळे पिकवण्याचा वाद दरवर्षी पेटतो. मे २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) राज्यांना फळबाजार व गोदामांची तपासणी कडक करण्यास सांगितले. कॅल्शियम कार्बाइड जागेवर किंवा फळांच्या पेट्यांजवळ सापडले, तरी तो व्यापाऱ्याविरुद्धचा परिस्थितीजन्य पुरावा मानला जाईल, असेही स्पष्ट केले. मात्र "शेवटी दोन्ही गॅसच ना?" असा प्रश्न अनेक बागायतदार विचारतात. त्याचे उत्तर या वायूंच्या रचनेत आहे.

एका जादा बंधाची करामत

इथिलीन हा अल्कीन गटातील सर्वांत साधा वायू. त्यात दोन कार्बन व चार हायड्रोजन असतात आणि दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. या बंधाचा एक पदर सैल असतो, त्यामुळे तो इतर पदार्थांशी चटकन जुळतो. फळाच्या पेशीत इथिलीन ओळखणारी प्रथिने असतात आणि त्यांत तांब्याचा अणू असतो. दुहेरी बंध त्या तांब्याला धरतो आणि पिकण्याची क्रिया सुरू होते. पक्व फळ हा वायू स्वतःही तयार करते. आढीत आंबा पिकतो तो यामुळेच.

कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन सुटतो. त्यात तिहेरी बंध असतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण परिणाम कमजोर, म्हणून मात्रा खूप जास्त लागते. खरा धोका बाजारातील कार्बाइडमधील भेसळीचा आहे. त्यातून आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी वायू सुटतात. म्हणून २०११ च्या नियमांनुसार फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास बंदी आहे.

इथेफॉनची पळवाट

इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरता येतो. इथेफॉनपासूनही इथिलीन मिळतो. पण ते केवळ वायूचा स्रोत म्हणून, फळांना स्पर्श न होता वापरायचे आहे. केळीचे घड द्रावणात बुडवणे नियमबाह्य आहे. कार्बाइड सोडून अनेक जण याच वाटेला लागले आहेत, म्हणून आता तपासणीत इथेफॉनकडेही लक्ष आहे.

साठवणुकीत उलटा उपयोग

हाच दुहेरी बंध तोडला तर फळ टिकते. पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या पेटीतील इथिलीनचे ऑक्सिडीकरण करतात. जांभळा रंग तपकिरी झाला की पुडी संपली असे समजावे. १-एमसीपी या वायूतही दुहेरी बंध असतो. तो पेशीतील इथिलीनची जागा आधीच अडवतो.

काय करावे?

- पक्व फळच काढावे. कोवळ्या फळाला कोणताही वायू गोडी देत नाही, फक्त सालीला रंग येतो.
- रायपनिंग चेंबरमध्ये तापमान, आर्द्रता व इथिलीनची मात्रा मोजूनच ठेवावी. साचलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनचे काम अडवतो, म्हणून ठरावीक वेळाने हवा बदलावी.
- हवेत सुमारे २.७ टक्क्यांवर इथिलीन पेट घेऊ शकतो. चेंबरजवळ ठिणगी, विडी टाळावी.
- पिकलेली फळे पालेभाज्यांसोबत ठेवू नयेत. पाने पिवळी पडतात.
- बाग व्यापाऱ्याला देताना फळे कशी पिकवणार, हे लेखी ठरवावे.

कारवाई व्यापाऱ्यावर होते, पण एका गावाच्या मालात कार्बाइड सापडल्याची बातमी पसरली की त्या भागातील सर्वांचाच भाव पडतो. गावोगावी चेंबर नाहीत, ही खरी अडचण आहे. नुसत्या छाप्यांनी ती सुटणार नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक चेंबर उभारले, तरच कार्बाइडची पुडी कायमची सुटेल.