वेदनेने ठेवलेले नाव

रोगांना नावे वैद्य देतात, असा सर्वसाधारण समज आहे. जपानमधील तोयामा प्रांतात मात्र एका रोगाचे नाव रुग्णांच्या कण्हण्यातून आले. ‘इताइ इताइ’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या कुटुंबांतील, बहुतांशी उतारवयाकडे झुकलेल्या व अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ होत की साध्या खोकल्यानेही बरगडी मोडे. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. तेथील कॅडमियम पाटाच्या पाण्याबरोबर खाचरांत उतरले, मातीत मुरले आणि दाण्यात शिरले. कापणीपूर्वी खाचरातले पाणी काढून टाकतात. नेमक्या त्याच वेळी मातीला हवा लागून हा धातू मोकळा होतो व रोप तो शोषून घेते. भाताची ना चव बदलते, ना रंग. १९६८ साली सरकारने खाणीतील कॅडमियम हे रोगाचे कारण असल्याचे मान्य केले. १९७१ मध्ये, आणि अपिलात १९७२ मध्ये, न्यायालयांनी रुग्णांच्या बाजूने निकाल दिला. आठशे हेक्टरांहून अधिक जमिनीची माती दुरुस्त करण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत चालले.

‘मूत्रपिंडविकारजन्य अस्थिमृदुता’ हे वैद्यकीय वर्णन अचूक खरे. पण त्यात ती कण्हणारी बाई दिसत नाही.

भारतीय भाषांतील कृषिजीवनाच्या कथांत संकट येते ते बहुधा पाण्याच्या अभावाने. ‘बनगरवाडी’ अखेर ओस पडते ती दुष्काळानेच. कालवा आला की दुःख सरते, किंवा फार तर सावकार व जमीनदार यांच्याकडे वळते; पाणी स्वतः निर्दोषच राहते. ही धारणा अनुभवातून आलेली असल्याने लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. समीक्षेने मात्र आजही तिच्यापलीकडे पाहू नये, हे चिंत्य होय. कानपूरच्या जाजमऊ भागात चामड्याच्या कारखान्यांचे क्रोमियमयुक्त पाणी शहराच्या मैलापाण्यात मिसळून, प्रक्रियेनंतर आसपासच्या गावांतील शेतांना सोडण्यात आले. तेथील शेत करपलेले नसते, हिरवे असते. आणि हिरव्या शेताकडे पाहून भय वाटावे, अशी सोय आपल्या ऋतुवर्णनांच्या परंपरेने ठेवलेली नाही.

हा विषय रसायनशास्त्राचा, साहित्याचा नव्हे, असा आक्षेप येईल. तो शब्दांपाशीच अडतो. मराठीत अशा पाण्याला ‘सांडपाणी’ म्हणतात. म्हणजे सांडलेले, नकोसे. परंतु जे टाकून न देता पाळी लावून शेतात घेतले, त्याला हा शब्द पुरा पडत नाही. ‘प्रदूषित जल’ तर केवळ सरकारी कागदावरचे. जाजमऊकडचा शेतकरी आपल्या घरगुती हिंदीत त्या पाण्याला काय म्हणतो, त्याच्या घरातील स्त्रिया काय म्हणतात, हे टिपून ठेवणे बोलींच्या अभ्यासकाचेच काम आहे.